कागदाची तुमची बाजू

अण्णा, मला तुमच्याशी आलेखांबद्दल बोलायचं आहे. बाकीचं बहुतेक सगळं आपलं बोलून झालं होतं. दवाखान्यातल्या त्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझ्या लग्नाबद्दल बोललात, आईच्या गुडघ्यांबद्दल बोललात, गावाकडच्या जमिनीचं काय करायचं तेही सांगितलंत. आलेखांचा विषय मात्र निघाला नाही, कारण तो आपल्या दोघांसाठी केव्हाच मिटलेला होता. तुमच्यापुरता तरी तो तसाच मिटलेला राहिला. माझ्यापुरता तो परत उघडला, तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तुम्ही कारखाना सोडलात तिथून सुरुवात करते. सोडलात म्हणजे सोडायला लावलं. सरकारी कारखाना, जन्मभराची नोकरी, आणि एका वर्षात सगळीकडे एकच शब्द, स्वेच्छानिवृत्ती, इंग्रजी पेपरांत गोल्डन हँडशेक. हैदराबादेत बरकतपुऱ्याच्या आपल्या घराच्या पायरीवर तुम्ही सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचात आणि कारखान्याची बस यायच्या वेळेला नकळत उभे राहायचात. शेजारचे खानसाब गेटमधून जाता जाता ओरडायचे, "क्या भाई, सोने का हाथ मिलाए बोले तुमसे? अंगूठी तो बताओ!" तुम्ही हसायचात. ते हसणं कुठे थांबायचं ते मला ऐकू यायचं. जन्मापासून दिसत नसलं की माणसांच्या हसण्याचं शेवटचं टोक ऐकायची सवय लागते. आई आतून म्हणायची, "बसून बसून काय करायलाव ओ? पालक तरी निवडा." तुम्ही पालक निवडायला घ्यायचात आणि देठंच जास्त ठेवायचात.

त्याच सुमाराला माझ्या शाळेने माझं गणित काढून घेतलं. सातवीपर्यंत मी अंधशाळेत होते. पुढे घराजवळच्या मराठी शाळेत गेले, आणि तिथल्या बाईंनी फार प्रेमाने सांगितलं की या मुलांना गणिताऐवजी गायन घेता येतं, तशी सवलत आहे, हिचा गळाही बरा आहे. तुम्ही विचारलंत, "तिला गणित येत नाही का?" बाई म्हणाल्या, "येतं हो, पण आम्हाला शिकवता येत नाही."  घरी येऊन फाटकाची कडी लावताना म्हणालात, "मला येईल." आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही परत कामावर जाऊ लागलात. ते काम म्हणजे आतल्या खोलीतलं टेबल आणि त्याच्या पलीकडे बसलेली मी.

तुम्ही ब्रेल डोळ्यांनी शिकलात. मला त्याची फार गंमत वाटायची. माझी अक्षरं तुम्ही बोटांनी कधीच वाचली नाहीत, उजेडात कागद तिरका धरून सावल्या वाचायचात. लिहिण्याची गोष्ट निराळी. ब्रेल पाटीत कागद अडकवून टोचणीने टोचतो, ते ठिपके मागच्या बाजूला उठतात. म्हणून टोचताना उजवीकडून डावीकडे जायचं आणि प्रत्येक अक्षर उलटं टोचायचं, म्हणजे कागद फिरवला की सरळ वाचता येतं. मला ही सवय लहानपणापासूनची, पण तुम्हाला ती लावून घ्यायला फार त्रास झाला. पहिले कितीतरी दिवस तुमचा पाच आणि तुमचा नऊ एकमेकांच्या जागी जायचे. मी बोट फिरवून हसायचे आणि तुम्ही म्हणायचात, "हसू नको बाई, मी पहिलीत आहे." पण चार-सहा महिन्यांत तुमचा हात माझ्यापेक्षा स्वच्छ झाला. समीकरणं तुम्ही इतकी नेटकी टोचायचात की मी ती वाचायच्या आधी नुसतीच हात फिरवून बघायची.

एकदाच रागावलात. बैजिक राशीचे अवयव पाडताना मी शेवटच्या ओळीवरून उत्तर ओळखलं आणि मधल्या पायऱ्या न वाचताच सांगून टाकलं. उत्तर बरोबर होतं. तुम्ही टोचणी टेबलावर ठेवलीत. "अंदाज डोळसांनी करावा. त्यांचा चुकला तर लोक म्हणतात, घाईत होता. तुझा चुकला तर म्हणतील, दिसत नाही. तू आधी हात लाव, मग बोल." मला ते लागलं. पण त्यानंतर मी हात लावल्याशिवाय कधीच बोलले नाही, अण्णा.

आकृत्यांचं तुम्हाला आईच्या शिवणाच्या डब्यात सुचलं. ब्लाउजचं माप कापडावर उतरवायला ती जे दातेरी चाक वापरायची, ते कागदावर दाबून फिरवलं की मागे ठिपक्यांची रेघ उठते. खाली मोटारीच्या ट्यूबचा उघडलेला तुकडा, वर जाड कागद. जाड कागद म्हणून तुम्ही जुनी कॅलेंडरं घेतलीत. काचिगुड्यातल्या दुकानांतून दिवाळी-संक्रांतीला आलेली, बालाजीची, लक्ष्मीची, कुठल्या तरी परदेशी डोंगरांची. मागच्या कोऱ्या बाजूला तुम्ही पेन्सिलने आकृती काढायचात, तिच्यावरून चाक फिरवायचात, आणि पुढच्या गुळगुळीत बाजूवर मी हात फिरवायचे. आई म्हणायची, "चाक बोथट व्हायलंय माझं. आणि देवाच्या तोंडावर त्रिकोण काढायलाव, काही वाटतं का?" तुम्ही म्हणायचात, "देवाच्या पाठीवर काढतोय. तोंडावर ती वाचते." त्रिकोण, वर्तुळं, समांतर रेषा, सगळं माझ्या बोटांत आलं. मग आलेख आले.

तो दिवस मला पूर्ण आठवतो. दुपार आहे, पंखा बंद आहे, वीज गेलेली आहे. तुम्ही टेबलाच्या पलीकडे कॅलेंडर उभं धरलंय. पेन्सिलची बाजू तुमच्याकडे, ठिपक्यांची माझ्याकडे, तुम्ही बघताय आणि मी चाचपतेय. दोन अक्ष, मधे आरंभबिंदू, अक्षांवर आकडे. तुम्ही पुस्तकातून वाचता, आरंभबिंदूच्या उजवीकडे धन संख्या, डावीकडे ऋण. माझं बोट उजवीकडे जातं आणि तिथे उणे एक, उणे दोन, उणे तीन लागतात. मी परत फिरते. डावीकडे एक, दोन, तीन.

"अण्णा, पुस्तक उजवीकडे म्हणतंय. इथे डावीकडे आहेत."

तुम्ही कागद बघता. तुमच्या बाजूने बघता. तिथे सगळं जागच्या जागी आहे. "बरोबर तर आहे," म्हणता.

"माझ्याकडे डावीकडे आहेत."

तुम्ही हसता. "तू लिहितेस कुठून? उजवीकडून ना? मग. ब्रेलमध्ये उलटंच असतं, बाई. त्याची सवय आहे तुला."

सवय होतीच. मला ते इतकं पटलं की पुढे विचारावंसंच वाटलं नाही. डोळस लोक डावीकडून लिहितात, मी उजवीकडून लिहिते. त्यांचं धन उजवीकडे, माझं डावीकडे. त्या दिवसापासून माझं सगळं निर्देशांकांचं जग तसं उभं राहिलं आणि त्यात कुठे काही अडलं नाही. धन चढाची रेघ डावीकडे वर जायची, ऋण चढाची उजवीकडे. दोन रेघा कुठे छेदतात ते मी आकडे मांडण्याआधी सांगायची आणि आकडे नेहमी तेच निघायचे. तुम्ही टेबलावर थाप मारायचात. दहावीच्या परीक्षेत लेखनिक बसला होता, मी सांगायचं आणि त्याने लिहायचं, आणि आलेखाचा प्रश्न आमच्यासाठी वगळलेला असायचा. त्यामुळे तिथेही काही उघड झालं नाही. गणिताचे गुण तुम्ही गल्लीत सगळ्यांना सांगितलेत. खानसाबांना तर दोनदा.

त्या उन्हाळ्यात तुम्ही मला दिलसुखनगरला घेऊन गेलात, आठवतं? नुसते तिथल्या क्लासेसचे बोर्ड वाचून दाखवायला. बसमधून उतरल्यावर तुम्ही माझा हात धरून फुटपाथवरून चालत होतात आणि मोठ्याने वाचत होतात. इंजिनिअरिंग प्रवेश, कॉम्प्युटर कोर्स, इंग्रजी बोला, परदेशी चला. "सगळा देश गणित शिकायला निघालाय, बाई," तुम्ही म्हणालात. "आमचा कारखाना गेला तो गेला. हे नवीन जे येतंय ते आकड्यांवर चालणार आहे. तू त्यात असलीस म्हणजे झालं." तुमच्या आवाजात मी कारखाना सुटल्यानंतर पहिल्यांदा घाई ऐकली, कुठेतरी पोचायचं असलेल्या माणसाची. आपण उसाचा रस प्यायलो. तुम्ही माझ्या ग्लासातला बर्फ काढायला लावलात, घसा धरेल म्हणून.

आपण ठरवलं होतं की दहावीनंतर एमईसी घ्यायचं, गणित, अर्थशास्त्र आणि वाणिज्य. प्रयोगशाळा नको, म्हणजे कुणाला नाही म्हणायला कारण नको. हिमायतनगरच्या त्या कॉलेजमधले गणिताचे सर आधीच आपल्या बाजूने होते. तेलुगू माणूस, मऊ आवाजाचा. त्यांनीच प्राचार्यांना सांगितलं होतं की मुलीला बोलवा, विचारून बघा, मग ठरवा. तुम्हाला बाहेर बाकावर बसवलं. आत प्राचार्य, हे सर, आणखी एक-दोघे. सरांनी तोंडी विचारलं. मी सांगत गेले. वर्गसमीकरण, गुणोत्तर, श्रेढी. त्यांच्या आवाजाला हळूहळू हसू येत गेलं. प्राचार्य म्हणाले, "मुंह से तो ठीक है जी. फिगर का क्या करेंगे? आगे तो सब फिगर है."

सर म्हणाले, "पूछ लीजिए न सर. ग्राफ भी आता इसको." त्यांना माझी बाजू पक्की करायची होती, म्हणून त्यांनी सगळ्यांत सोपा प्रश्न काढला. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, माझा तळवा टेबलावर ठेवला. "अम्मा, ये समझो ओरिजिन. वाय इज इक्वल टू टू एक्स. उंगली से बताओ, किधर जाती लाइन?"

मी बोट आरंभबिंदूवर ठेवलं आणि डावीकडे वर नेलं.

 मग सर हळू म्हणाले, "अम्मा, ठीक से सोचो. टू एक्स. प्लस है."

"हो सर. प्लस." मी परत तीच रेघ ओढली. त्यांनी माझं बोट धरलं, आरंभबिंदूवर आणलं आणि उजवीकडे वर नेलं. माझ्या तोंडून लगेच निघालं, "सर, ही तर मायनस टू एक्स."

मग मी सांगायचा प्रयत्न केला. "सर, ब्रेलमध्ये उलटं..." प्राचार्य म्हणाले, "क्यों बेटा, ब्रेल में मैथ्स बदल जाता क्या?" खोलीत हसले. वाईट हसले असं नाही, थकलेल्या दुपारी हसतात तसे. सर हसले नाहीत. त्यांनी माझं बोट सोडून दिलं, तेवढंच मला कळलं. प्राचार्य म्हणाले, "हिस्टरी लेओ बेटा. एचईसी अच्छा ग्रुप है. लेक्चरर बनोगे."

बाहेर आल्यावर मी तुम्हाला सांगितलं की आलेख विचारला आणि माझा चुकला. "कोणता?" तुम्ही माझ्यासमोर उभे राहिलात. "काढून दाखव." मी हवेत आरंभबिंदू धरला आणि तीच रेघ हवेत ओढली, डावीकडे वर. तुम्ही माझ्या तोंडासमोर उभे होतात, अण्णा. माझं डावं ते तुमचं उजवं. "बरोबर आहे!" तुम्ही ओरडलात. "ही तर बरोबर आहे! आणि हे म्हणतात मायनस?" मी काही बोलायच्या आत तुम्ही दार ढकलून आत गेलात. तुम्ही आयुष्यात कधी साहेबाच्या खोलीत असे गेला नव्हतात. मला बाहेर ऐकू येत होतं. "बच्ची सही बोल रही और आप लोगां मजाक उडा रहे?" प्राचार्यांचा आवाज आधी समजावणीचा, मग चढलेला. शेवटी शिपाई तुम्हाला "चलो चाचा, चलो" म्हणत बाहेर घेऊन आला.  

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही अर्ज केलेत, कचेऱ्यांत गेलात, दुसऱ्या कॉलेजांत विचारलंत. तिथे म्हणायचे, त्या कॉलेजने परीक्षा घेतली ना, मग आम्ही काय वेगळं करणार. मी एचईसी घेतलं, इतिहास, अर्थशास्त्र आणि नागरिकशास्त्र. तुम्ही चाक आईच्या डब्यात परत ठेवलंत. नंतर तुम्ही जो भेटेल त्याला ती गोष्ट सांगत राहिलात, पोरीने बरोबर रेघ काढली आणि आंधळी म्हणून तिला चूक ठरवलं. तुमचा राग दरवर्षी थोडा घट्ट होत गेला. पुढे तुम्ही पेपरसुद्धा त्या रागातूनच वाचायचात. हैदराबादेत नवीन इमारती उठत होत्या, कॉम्प्युटरवाल्यांच्या, आणि एकेका इमारतीची बातमी वाचून तुम्ही पेपर घडी करून बाजूला ठेवायचात. मला ती घडी ऐकू यायची.

मी मात्र तुमची गोष्ट कधीच पूर्ण मानली नव्हती. हे तुम्हाला माहीत नव्हतं. ब्रेलमध्ये उलटं असतं हे वाक्य त्या हसण्यानंतर मी पुन्हा कुणापुढे काढलं नाही, तुमच्यापुढेही नाही. त्या सरांनी माझं बोट सोडून दिलं तेव्हाच मला वाटलं, मला हे मुळात समजलेलंच नव्हतं. तुमचा कागद चुकला असेल हे माझ्या मनात आलंच नाही. म्हणजे माझी बोटं चुकली असणार. जी रेघ मी शेकडो वेळा चाचपली ती मला चुकीची कळली होती. मग बाकीचं जे मला कळलंय असं मी समजते ते तरी कळलंय कशावरून? अशाने माणूस गणितच काय, पुष्कळ गोष्टी हातातून सोडून देतो. मी इतिहास शिकले, इतिहास शिकवते. चांगला शिकवते म्हणतात. वर्गात नकाशाचा विषय आला की मी तो मुलांकडून वाचून घेते.

अलीकडे आमच्या कॉलेजच्या बाजूला अंध विद्यार्थ्यांसाठी एक केंद्र निघालं आहे. तिथे यंत्रातून ठिपक्यांची पुस्तकं छापून निघतात, आकृत्यांसकट. तिथली मुलगी स्वतःही न दिसणारी, भरभर बोलणारी. तिने माझ्या हातात गणिताचं एक पान दिलं. मी हात फिरवला आणि म्हणाले, "हे पान उलटं छापलंय तुमच्या मशीनने."

"नै मॅडम, सीधाच है."

"धन संख्या उजवीकडे आल्यात."

"तो किधर आना? सबका उधरीच रहता." ती हसली. "मॅडम, आप पीछे से पकड़े क्या?"

मी पान फिरवलं. मागच्या बाजूला ठिपक्यांचे खळगे होते, उलटे, पुसट. मी त्या खळग्यांवरून बोट नेलं आणि तिथे माझा आलेख होता. डावीकडे धन, उजवीकडे ऋण, रेघ डावीकडे वर. मग मला तुमच्या टेबलावर काय झालं होतं ते उलगडलं. अण्णा, तुम्ही आकडे जपून उलटे टोचलेत, कारण आकडे उलटे टोचायचे हे तुम्ही महिनोन्महिने शिकला होतात. चित्र मात्र दिसलं तसं सरळ उतरवलंत, म्हणून माझ्या बाजूला ते उलटं उठलं. त्रिकोणाला आणि वर्तुळाला त्याने काही बिघडलं नाही, आलेखाला बिघडलं. आणि तुम्ही माझ्या बाजूने कधी पाहिलं नाहीत, कारण तिथे बालाजीच्या दागिन्यांत ठिपके तुम्हाला दिसले नसते.

प्राचार्यांनी मला नाहीतरी घेतलं असतं की नाही, हे मला ठरवता येत नाही. कदाचित त्यांनी दुसरं काही काढलं असतं. पण सर माझ्या बाजूला होते आणि ती रेघ बघून ते बाजूला झाले, एवढं खरं आहे. आई अजून पाहुण्यांना ती गोष्ट सांगते, तुमच्याच शब्दांत, तुमच्यासारखीच शेवटी आवाज चढवून. परवाही सांगितली. मी मधे बोलले नाही. तिच्याजवळ तुमचं जे उरलंय त्यात ही गोष्ट मोठी आहे. आत्ता तिने दारातून विचारलं, "काय टाइप करायलीस गं इतकं?" मी म्हटलं, पेपर काढतेय मुलांचा. हे मी छापणार नाही आणि कुणाला ऐकवणारही नाही.

एवढंच सांगायचं राहिलं. त्या मुलीच्या टेबलापाशी, पानाच्या मागच्या बाजूवर बोट ठेवून, मला आधी वाईट वाटलंच नाही. माझी बोटं बरोबर होती, मला सगळं कळलेलं होतं, म्हणून मला आनंद झाला, इतका की ती मुलगी विचारत राहिली, मॅडम, क्या हुआ. तुमची आठवण त्यानंतर आली.